अमृतमती, माहूत आणि पिठाचा कोंबडा: गुपित नेमकं कुणाचं?

शहापूरकर (धागाकर्ता)

गौरी हुण्णिमेच्या, म्हणजे कार्तिक पौर्णिमेच्या, आधी बेळगावच्या बाजारात साखरेच्या आरत्या येतात. हत्ती, घोडे, मोर, सगळं पांढरंशुभ्र. बाकीची पोरं पूजा झाल्या झाल्या कडाकडा चावून मोकळी होतात. जैनांच्या घरात मात्र अजून कुठंकुठं दम मिळतो: "घोड्याचं तोंड मोडायचं नाही, पाप लागतं." साखरेचा घोडा मोडून कसलं आलंय पाप, असं विचारलं की मोठी माणसं यशोधर राजाचं नाव घेतात आणि पिठाच्या कोंबड्यापाशी गोष्ट संपवतात. कोंबड्याच्या आधी काय झालं ते पोरांसमोर नको म्हणून गाळतात. हा धागा त्या गाळलेल्या भागाचा.

कन्नडमध्ये ही गोष्ट जन्न कवीनं १२०९ साली लिहिली. म्हणजे आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) रट्ट राजाच्या मंत्र्यानं, बीचिराजानं, १२०४ मध्ये बांधली, त्यानंतर पाचच वर्षांनी. जन्न मात्र इकडचा नव्हे, होयसळ वीरबल्लाळाच्या दरबारातला.

उज्जयिनीचा राजा यशोधर, राणी अमृतमती. दोघांचं बरं चाललेलं. एका रात्री हत्तीशाळेकडून गाणं ऐकू येतं. गाणारा माहूत, अष्टवंक. राणीनं माणूस बघितलेला नाही, नुसता गळा ऐकलाय, आणि जीव तिथंच अडकतो. सकाळी ती दासीला बघून यायला पाठवते. दासी येते ती नाक मुरडत: अंग वाकडंतिकडं, रूपाचा पत्ता नाही, वास मारतोय, ह्याच्यासाठी तुम्ही झुरताय? राणीचं उत्तर साधारण असं, की जीव जडल्यावर रूपाची कटकट कशाला, माझा मदन तोच आणि इंद्रही तोच.

मग रात्रीच्या फेऱ्या सुरू होतात. राजाला तिच्यातला फरक जाणवतो. एका रात्री तो झोपेचं सोंग घेतो आणि ती उठल्यावर तलवार घेऊन मागोमाग जातो. बघतो काय, उशीर झाला म्हणून माहूत राणीला केस धरून मारतोय आणि ती त्याचे पाय धरून माफी मागतेय. राजा तलवार उपसतो. एका घावात दोघं गेली असती. पण शत्रूवर चालवायची तलवार ह्यांच्यावर कुठं चालवू, असं म्हणून मागं फिरतो आणि गुपचूप अंथरुणावर येऊन पडतो.

दुसऱ्या दिवशी तो थट्टेथट्टेत तिला कमळाच्या फुलानं हलकंच मारतो. ती मूर्च्छा आल्याचं नाटक करते. राजा म्हणतो, फुलानं मरणारच होतीस, नशिबानं वाचलीस. तिला कळायचं ते कळतं.

इथून पुढं सगळं घसरत जातं. राजाची आई चंद्रमती विचारते, चेहरा का उतरलाय? राजा खरं सांगत नाही, वाईट स्वप्न पडलं अशी थाप मारतो. आई म्हणते, चंडमारी देवीला बळी दे, शांत होईल. तो जीव मारायला तयार नाही, आई ऐकत नाही. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करतात. राजा घाव घालतो आणि पिठाचा कोंबडा आरवतो! मारायचा हेतू मनात धरला, तेवढ्यानं हिंसा झालीच. तो राज्य सोडून दीक्षा घ्यायला निघतो, तर राणी त्याला आणि सासूला जेवायला बोलावून विष घालते. मायलेक मोर, कुत्रा, मासा, मगर, बोकड, कोंबडा अशा योनींतून फिरत राहतात आणि राणी नरकात जाते.

आता माझं म्हणणं. आपण ह्याला राणीच्या गुप्त प्रेमाची गोष्ट म्हणतो. पण हत्तीशाळेत जे चाललं होतं त्यानं एकही जीव गेला नव्हता. राजाला कळलं आणि त्यानं ते गिळलं, तिथून ते गुपित त्याचं झालं. आईला खरं सांगितलं असतं तर स्वप्नाची थाप नव्हती, थाप नव्हती तर बळी नव्हता. बायकोला समोर बसवून बोलला असता तर कदाचित विषही नव्हतं. त्यानं काय केलं, टोमणा मारला. कळलंय एवढं कळवलं, पण पुढं काय करणार ते सांगितलं नाही. जीव मुठीत धरून बसलेल्या बाईला ह्याच्यापेक्षा जास्त घाबरवणारं काय असणार? मला तर ते कमळ तलवारीपेक्षा वाईट वाटतं.

बोला.

भोजची_नात

दादा, एकदम आमच्या घरात शिरून लिहिलंय. आमची आज्जी दशलक्षण पर्वात ही गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टीत माहूत नव्हताच! "राणी वाईट निघाली" एवढं एकच वाक्य, की लगेच पीठ मळायला सुरुवात. आम्हाला सगळ्यांत आवडायचे ते पुढचे जन्म. माशाचा जन्म तर पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो: मुलगा यशोमती बापाचं श्राद्ध घालतो आणि श्राद्धासाठी जो मासा शिजवतात तोच त्याचा बाप. आज्जी हे सांगताना हसायची, आणि आम्ही त्या रात्री जेवायचो नाही.

कॉलेजात गेल्यावर पुरी गोष्ट वाचली. आज्जीला विचारलं, माहूत का गाळलास? म्हणाली, "गाणं ऐकून खाली उतरणारी बाई तुम्हाला सांगायची आणि वर तुम्हाला गाण्याच्या क्लासला पाठवायचं, कसं जमणार?"

कुंदाप्रेमी

जेवणातून विष म्हणे. बेळगावात असती तर आपल्या कुंद्याच्या मिठाईतून घातलं असतं आणि राजानं वर दुसरी वाटी मागितली असती.

(वाखूसा, म्हणजे वाचनखूण साठवली. मास्तर येईपर्यंत बसलोय.)

हळेगन्नड_मास्तर

आलो की हो. आयुष्यभर ही पद्यं शिकवली, त्यामुळं थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे ही कथा जन्नची एकट्याची नाही. सोमदेवसूरींनी संस्कृतात 'यशस्तिलक' ९५९ मध्ये पुरं केलं, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळात. पुष्पदंतानं त्याच शतकात मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, अपभ्रंश भाषेत लिहिली. मग वादिराजाचं संस्कृत काव्य, आणि जन्न मुख्यतः त्याच्या वाटेनं गेला. जुन्या मराठीतल्या जैन कवींनीही 'जसोधर रास' रचलाय. इतक्या जणांनी लिहिलं, पण राणी लक्षात राहते ती जन्नची. कारण बाकीच्यांना धर्म सांगायची घाई आहे, जन्न त्या रात्रीपाशी थांबतो. छोटी छोटी पद्यं, कंद नावाच्या छंदातली. दासीनं केलेलं माहुताचं वर्णन वाचताना हसू येतं आणि राणीचं उत्तर आलं की हसू थांबतं.

दुसरं, शहापूरकर, तुम्ही राजाला फार झोडपलंत. गोष्ट कोण सांगतोय ते विसरू नका. मारिदत्त राजा चंडमारीपुढं प्राण्यांच्या जोड्या बळी द्यायला निघालेला असतो. त्याला माणसांची जोडी हवी असते, म्हणून अभयरुची आणि अभयमती ही लहान भावंडं धरून आणतात. ती पूर्वजन्मीची यशोधर आणि चंद्रमती. मानेवर तलवार असताना तो पोरगा ही हकिकत सांगतो. म्हणजे अमृतमतीची अख्खी गोष्ट आपण तिच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकतो, आणि तोही इतके जन्म भोगून आलेला. तिची बाजू सांगायला कुणीच नाही. पण त्याच सांगणाऱ्यानं तिला ते रूपाबद्दलचं उत्तर दिलंय. सूडच घ्यायचा असता तर त्यानं ते वाक्य गाळलं असतं.

तिसरं, जन्न स्वतः दोष वाटतो तो मदनाला आणि दैवाला. मदनाच्या मायेला दैवाची साथ मिळाली तर ती माणसाला मारून वर आरोळी ठोकल्याशिवाय राहील का, असं तो म्हणतो. माझ्या मते तिथं तो राणीचा न्याय करायचं टाळतो. नरकात टाकणं ही कथेची सक्ती होती, ती त्यानं उरकली.

निपाणीची_मावशी

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण एक गोष्ट सगळे जण पायाखाली घालून पुढं निघालाय. मार.

माहूत तिला मारतो. केस ओढून मारतो. आणि ती पाय धरते. हल्ली ह्या कथेवर बोलणारे फार कौतुकानं सांगतात की बघा, राणीनं जात, रूप, सिंहासन काही बघितलं नाही, नुसत्या सुरावर भाळली. भाळली, मान्य. पण पुढं काय मिळालं? राजवाड्यात नवरा फुलानं मारतो, हत्तीशाळेत यार चाबकानं. एकाच्या मारात टोमणा, दुसऱ्याच्या मारात हक्क. तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर काम केलेल्या बायका माझ्या शेजारी राहतात, त्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यातली एकही "काय प्रेम होतं" म्हणणार नाही. विचारतील, मग ती परत का गेली? ह्याचं उत्तर कुठल्याच कवीनं दिलेलं नाही. मला वाटतं, तिच्याकडं परत न जायचीही सोय नव्हती. गुपित असलं की गुपितातला दुसरा माणूस मालक होतो. माहूत उद्या कुणासमोर बरळला तर मरणार कोण? आधी तीच. हत्तीशाळेत एकही जीव गेला नव्हता म्हणता, पण जाण्याची तयारी रोज रात्री होत होती, शहापूरकर.

राजा बोलला असता तर वाचलं असतं, हे पुरुषाचं स्वप्न आहे. त्या काळात राजा बोलला असता तर तिचं नाक तरी गेलं असतं नाहीतर मुंडकं.

भोजची_नात

मावशी, +१०००. मालक होतो, हे अगदी खरं.

खानापूर_ते_कोपनहेगन

हिवाळ्यात दुपारीच अंधार पडणाऱ्या गावात बसून वाचतोय. मावशींच्या मुद्द्याला इथला खराखुरा दाखला जोडतो. दंतकथा नाही, तारखांसकट इतिहास आहे.

कॅरोलिन माटिल्डा, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची धाकटी बहीण. १७६६ मध्ये पंधराव्या वर्षी डेन्मार्कच्या सातव्या क्रिस्टियानशी लग्न. राजा मनानं आजारी, भ्रमिष्टासारखा वागायचा. १७६८ मध्ये त्याच्या दिमतीला योहान फ्रीडरिष स्ट्रुएन्सी नावाचा जर्मन डॉक्टर आला. राजाला सांभाळता सांभाळता त्यानं राणीचाही विश्वास मिळवला. १७७० मध्ये युवराजाला देवी टोचल्या आणि त्यातून दोघं आणखी जवळ आली. त्याच वर्षापासून राजाच्या नावानं हुकूम हा डॉक्टरच काढू लागला. सव्वा-दीड वर्षात हजाराच्या वर हुकूम! कैद्यांचा छळ बंद, छापखान्यांवरची सेन्सॉरशिप पूर्ण रद्द, खानदानी सरदारांच्या मानपानावर कात्री. गंमत अशी की सेन्सॉरशिप उठल्यावर लोकांनी पहिली घाणेरडी पत्रकं छापली ती ह्याच्यावर आणि राणीवर. शेवटी १७७१ मध्ये त्यानंच पुन्हा थोडा लगाम लावला.

गुपित म्हणावं तर ते गुपित राहिलंच नव्हतं. राणीच्या दासींनी रात्री जमिनीवर पूड भुरभुरून ठेवली आणि सकाळी पुरुषाची पावलं मोजली. पण हे राजाला सांगायची घाई कुणालाच नव्हती. सावत्र राजमाता युलियाना मारिया आणि तिच्या गोटातले लोक बातमी जपून ठेवून संधीची वाट बघत होते. १७ जानेवारी १७७२ ला पहाटे, राजवाड्यातला मुखवट्यांचा नाच संपल्यावर, सगळ्यांना अटक केली. राजाकडून सह्या घेतल्या. डॉक्टरनं कोठडीत कबुली दिली, मग राणीनंही. एप्रिलमध्ये घटस्फोट. २८ एप्रिलला स्ट्रुएन्सी आणि त्याचा सोबती ब्रांड ह्यांचा आधी उजवा हात तोडला, मग शिर. राणीला हॅनोव्हरच्या मुलखात त्सेले गावी पाठवलं, दोन्ही मुलं मागं ठेवून. १७७५ मध्ये तापानं गेली, तेविसाव्या वर्षी.

आपल्याकडच्या कालखंडाचा अंदाज यावा म्हणून: ह्याच १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला थोरले माधवराव गेले.

तर शहापूरकर, तुमच्या मुद्द्याला इथं वेगळीच कलाटणी मिळते. इथलं गुपित राणीचं नव्हतं आणि राजाचंही नव्हतं, ते विरोधकांच्या तिजोरीत ठेवलेलं होतं. आणि मावशी, राणीची मुलगी, लुईसे आउगुस्टा, जुलै १७७१ मध्ये जन्मलेली. बाप कोण हे सगळ्या दरबाराला ठाऊक, तरी राजानं तिला आपली म्हटली आणि ती राजकन्या म्हणूनच वाढली. पुढं तिची मुलगी डेन्मार्कची राणी झाली!

कुंदाप्रेमी

इकडं पिठाचा कोंबडा, तिकडं पुडीतली पावलं. दोन्हीकडं राजा नामानिराळा.

यल्लम्मा_रोडवरून

इतक्या लांब कोपनहेगनला गेलात, पण आपल्याच जिल्ह्यातली सौंदत्ती राहिली की. रेणुकेची गोष्ट आमच्यात लहान पोरालाही पाठ. जमदग्नीची बायको रोज मलप्रभेवर जायची, वाळूचा घडा करायची, सापाची चुंबळ करून डोक्यावर पाणी आणायची. एके दिवशी नदीत गंधर्व राजा बायकांबरोबर खेळताना दिसला आणि क्षणभर मन हललं. बस, तेवढंच. घडा वळेना, साप हातात येईना. ऋषीला कळलं आणि मुलानं, परशुरामानं, आईचं डोकं उडवलं.

रेणुकेनं काहीच केलेलं नाही, फक्त मनात आलं. यशोधरानंही कोंबडा मारलेला नाही, पीठ कापलं, मनात मारायचं आलं. म्हणजे मनातलं पाप दोन्हीकडं धरलंय, भूगोल सुद्धा जवळपास एकच. पण हिशेब बघा. राजाच्या मनातल्या पापाला जन्मामागून जन्म, आणि शेवटी माणसाचा देह, दीक्षा, सुटका. रेणुकेच्या मनातल्या पापाला लगेच कुऱ्हाड. जिवंत झाली ती मुलानं वर मागितला म्हणून, नवऱ्याला कीव आली म्हणून नव्हे. अमृतमतीला तर तेही नाही, तिला पुढचा जन्म घेऊन पश्चात्ताप करायची संधीसुद्धा कुणी दिली नाही.

एक मात्र आहे. आज डोंगरावर गर्दी कुणासाठी होते? जमदग्नीसाठी कोण पायी येतंय, सांगा बरं.

बैलहोंगल_लोकल

राणीच कशाला, आमच्याकडच्या सणाट्यातला, म्हणजे लोकनाट्यातला, संग्या-बाळ्या बघा. व्यापाऱ्याची बायको गंगी, तिच्यावर जीव टाकणारा संग्या आणि फितूर झालेला मित्र बाळ्या. नवरा आणि त्याचे भाऊ मिळून संग्याला मारतात. रात्रभर चालणारा खेळ, गावातल्या बायका पुढं बसून संग्यासाठी रडतात. जैन आचार्यांनी लिहिलं असतं तर गंगी नरकात गेली असती. लोकांनी केलेल्या खेळात शेवटी हळहळ यारासाठी उरते.

शहापूरकर

मावशी, नाक जाईल की मुंडकं, हे तुमचं बरोबर आहे, राजा बोलला असता तर ती सुटली असती असं मी छातीठोक म्हणत नाही. पण आईशी खोटं बोलायची गरज काय होती? तिथं तर बायकोचा जीव वाचवायचा हेतू नव्हता, स्वतःची लाज झाकायची होती. राजाची बायको माहुताकडं जाते, हे आईला सांगण्यापेक्षा त्याला देवीपुढं पिठाचा कोंबडा कापणं सोपं वाटलं. आणि आईही त्याच पापात अडकली, जिला मूळ प्रकरणाचा पत्ताच नव्हता! जन्मोजन्म त्याच्याबरोबर फरफटली ती, कशासाठी हे न कळता. मला ह्या गोष्टीत सगळ्यांत जास्त वाईट चंद्रमतीचं वाटतं, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

डेन्मार्कच्या राजानं मुलीला आपली म्हटलं हे वाचून मात्र थांबलो. त्या वेड्या ठरवलेल्या माणसाकडून ते झालं.

मास्तर, कर्नाडांच्या 'हिट्टिन हुंज' (पिठाचा कोंबडा) नाटकामध्ये हेच प्रकरण आहे ना?

हळेगन्नड_मास्तर

आहे, पण त्यांनी पाट उलटा टाकलाय. त्यांच्या नाटकात राणी जैन आहे. राजा तिच्यासाठी जैन झालेला आणि बळी मागणारी सासू जुन्या देवीची. त्यामुळं पिठाचा कोंबडा कापायला लावणं हा तिच्या धर्मावरच घाव ठरतो. कवींनी जिला नरकात पाठवलं तिच्याच तोंडी त्यांनी अहिंसा दिली. मावशींना जी बाजू हवी होती ती तिथं थोडीफार सापडेल.

चंद्रमतीबद्दल बोललात ते बरं झालं. पहिल्याच पशुजन्मात काय होतं ते मुद्दाम सांगतो. यशोधर मोर होऊन त्याच राजवाड्यात येतो, चंद्रमती कुत्रा होऊन. मोराला एक दिवस राणी आणि माहूत एकत्र दिसतात, जुना जन्म आठवतो आणि तो चोचीनं त्या दोघांवर तुटून पडतो. माणूस असताना जे केलं नाही ते पक्षी झाल्यावर करतो. मार खाऊन खाली पडतो आणि कुत्रा त्याला धरून मारतो. आईच ती. तिला ओळख पटलेली नसते, आणि राजा झालेला यशोमती मोर मारला म्हणून त्या कुत्र्यालाही ठार करतो. नातवानं आज्जीला.

भोजची_नात

मास्तर, हे आज्जीनं आम्हाला सांगितलं होतं. माहूत गाळून. त्यामुळं मोर अचानक का चवताळला, हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं.

निपाणीची_मावशी

मोरानं माहुतावर झेप घेतली हे वाचून एक विचारते मास्तर, त्या जन्मातही अमृतमती त्याच माहुताजवळ बसलेलीच होती ना? नवरा गेला, सासू गेली, पोरगा गादीवर. आता कुणाची भीती होती तिला? तरी तिथंच. मघाशी म्हटलं की परत न जायची सोय नव्हती. आता सोय होती. म्हणजे माझंही उत्तर पुरं पडत नाही इथं. जन्ननं काही म्हटलंय का ह्यावर?

हळेगन्नड_मास्तर

नाही, मावशी. तो तिथं एक शब्द बोलत नाही.